प्राचीन इंग्रजी काव्यातील वीर आणि नीतिबोध

इंग्रजी भाषेतील सर्वांत जुन्या म्हणजे अँग्लो-सॅक्सन काव्यात वीरपुरुष कसा रंगवला आहे आणि त्याच्या कथेतून कोणता नीतिबोध पुढे येतो, याचा विचार या नोंदीत केला आहे. हे काव्य साधारण सातव्या ते अकराव्या शतकातले. त्यातले जे वाचले त्याचा बहुतांश भाग इ. स. 1000 च्या आगेमागे नकललेल्या चार हस्तलिखितांत आहे. त्यात यमक नाही. ओळ अनुप्रासावर तोललेली असते. कथा समुद्रापलीकडच्या जर्मानिक टोळ्यांच्या, बऱ्याचशा ख्रिस्तपूर्व श्रद्धांच्या जगातल्या. त्या लिहून ठेवणारे मात्र ख्रिस्ती मठांतले लेखनिक. या विसंगतीची जाणीव त्या काळीही होती. 797 मध्ये ॲल्क्विन या विद्वान धर्मगुरूने एका इंग्रज बिशपला पत्रातून खडसावले होते, की धर्मगुरूंच्या पंगतीत वीणावादक नको, धर्मवचन वाचणारा हवा. ‘इंगेल्डचा ख्रिस्ताशी काय संबंध?’ इंगेल्ड हा वीरगीतांतला एक राजा. पत्र लिहावे लागले, यावरूनच ही गीते मठांत आवडीने ऐकली जात होती हे कळते.

या काव्यातील नीतीचा पाया म्हणजे स्वामी आणि त्याचे योद्धे यांचे नाते. स्वामीने सभागृहात अन्न, मद्य, सोन्याची कडी, शस्त्रे द्यायची आणि योद्ध्यांनी रणात खाल्ल्या मिठाला जागायचे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. 98 च्या सुमारास जर्मानिक लोकांविषयी लिहिताना नोंदवले आहे, की नायक पडल्यावर रणातून जिवंत परतणे हा त्यांच्यात जन्मभराचा कलंक मानत. म्हणूनच या काव्यात कंजूष राजा हा भित्र्या शिपायाइतकाच निंद्य ठरतो.

या परंपरेतील सर्वांत मोठे काव्य म्हणजे ‘बेओवुल्फ’ (3,182 ओळी). त्याचे एकमेव हस्तलिखित 1731 मध्ये लंडनमधील ॲशबर्नहॅम हाउसच्या आगीत होरपळले, पण वाचले. नायक बेओवुल्फ हा आजच्या दक्षिण स्वीडनमधील गेआट जमातीचा. डेन्मार्कचा राजा ह्रॉथगार याच्या हेओरोट या सभागृहावर ग्रेंडेल नावाचा राक्षस बारा वर्षे घाला घालत असतो. बेओवुल्फ तेथे जाऊन, राक्षसाला शस्त्र माहीत नाही म्हणून आपणही नि:शस्त्र राहून, त्याचा हात खांद्यापासून उखडतो. ग्रेंडेलची आई सूड घ्यायला येते, तेव्हा तळ्याच्या तळाशी उतरून तिलाही मारतो. ग्रेंडेल हा बायबलमधील बंधुघातकी केनाचा वंशज, असे कवी सांगतो. जुन्या लोककथेतल्या राक्षसाला ख्रिस्ती वंशावळीत बसवण्याची ही युक्ती आहे. भावाने भावाला मारणे हे पाप काव्यभर पार्श्वभूमीला असते, आणि ते राक्षसांपेक्षा माणसांच्याच घराण्यांत जास्त दिसते.

नीतिबोधाचा गाभा येतो तो विजयानंतर. ह्रॉथगार हातातल्या प्राचीन तलवारीची मूठ न्याहाळतो. तिच्यावर महापुरात बुडालेल्या उन्मत्त राक्षसवंशाची कथा कोरलेली असते. मग तो तरुण वीराला, शाबासकी देता देता, उपदेश करतो. हेरेमोड हा राजा बळाने सगळ्यांहून श्रेष्ठ होता, पण त्याने आपल्याच पंक्तीतल्या माणसांना मारले, सोने वाटले नाही, आणि शेवटी एकटा पडला. तुझे बळही थोडे दिवसांचे आहे. आजार, तलवार, आग, पूर किंवा म्हातारपण यांपैकी काहीतरी ते हिरावून नेईल. दर्प धरू नकोस. सुमारे 85 ओळींचे हे भाषण कथानक थांबवते अशी तक्रार केली जाते. ती पटण्यासारखी नाही, कारण पुढचे सगळे काव्य या भाषणाचीच परीक्षा घेते.

पन्नास वर्षे राज्य केल्यावर वृद्ध बेओवुल्फपुढे ड्रॅगन उभा राहतो. पुरलेल्या खजिन्यातला एक प्याला कोणीतरी चोरलेला असतो आणि त्याचा राग ड्रॅगन गावे जाळून काढतो. बेओवुल्फ अकरा साथीदारांना मागे थांबवून एकटाच पुढे होतो. झुंज अंगाशी येताच साथीदार रानात पळतात. एकटा विग्लाफ उरतो. ड्रॅगन मरतो आणि राजाही. विग्लाफ परतलेल्या भेकडांना सुनावतो, की लाजिरवाण्या जगण्यापेक्षा वीराला मरण बरे. पण थोड्या वेळाने तोच असेही म्हणतो, की एकाच्या हट्टापायी पुष्कळांना सोसावे लागते. चितेपाशी एक स्त्री आक्रमण, अपमान आणि गुलामीच्या भीतीने आक्रोश करते. ज्या सोन्यासाठी हे घडले ते राजाबरोबर पुन्हा मातीत जाते. शेवटच्या ओळींत प्रजा त्याला सर्वांत सौम्य, सर्वांत दयाळू आणि कीर्तीसाठी सर्वांत आसुसलेला म्हणून गौरवते.

हा शेवटचा गौरव निखळ आहे की त्याला दोषाची किनार आहे, यावर अभ्यासकांत वाद आहे. जे. आर. आर. टोल्किन यांनी 1936 मधील व्याख्यानात राक्षस हेच काव्याचे केंद्र मानले आणि अटळ पराभवापुढेही न वाकणाऱ्या धैर्याला महत्त्व दिले. जॉन लेयर्ली यांनी 1965 मध्ये वेगळा मुद्दा मांडला: एकट्याने पुढे धावणे हा वीराचा गुण, पण राजाने तसे केले तर प्रजा उघडी पडते. काव्याचा उत्तरार्ध पाहता लेयर्लींचे म्हणणे अधिक वजनदार वाटते. कवी मात्र स्वतः निवाडा देत नाही.

‘मॉल्डनची लढाई’ या काव्यात हाच पेच इतिहासातल्या माणसापुढे उभा आहे. ऑगस्ट 991 मध्ये एसेक्सच्या किनाऱ्यावर व्हायकिंग उतरले आणि त्यांनी खंडणी मागितली. सरदार बिर्थनॉथने भाल्यांची खंडणी देऊ असे उत्तर दिले. शत्रू बेटावर अडकला होता आणि मधली अरुंद वाट तिघांनी रोखून धरली होती; तरी बिर्थनॉथने शत्रूला अलीकडे येऊ दिले. हे त्याने दर्पापोटी केले, असा स्पष्ट ठपका कवीने ठेवला आहे. बिर्थनॉथ पडताच त्याचा योद्धा गॉड्रिक त्याच्याच घोड्यावरून पळाला, आणि सरदारच पळाला असे समजून सैन्य फुटले. उरलेले एकेक करून मद्यपानाच्या वेळच्या शपथांची आठवण देत मरायला उभे राहतात. त्यांत डनिअर हा साधा शेतकरीही आहे. वृद्ध बिर्थवोल्ड म्हणतो, की बळ ओसरते तसा निर्धार अधिक कणखर व्हायला हवा. त्याच वर्षी इंग्लंडने 10,000 पौंडांची खंडणी भरली, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. या काव्याचे हस्तलिखितही 1731 च्या आगीत गेले. आधी उतरवून घेतलेल्या प्रतीमुळे 325 ओळी उरल्या. आरंभ आणि शेवट नाहीत.

धार्मिक काव्याने वीराची भाषा तशीच उचलली. ‘क्रुसाचे स्वप्न’ या काव्यात ख्रिस्त हा स्वतःहून वस्त्रे उतरवून क्रुसावर चढणारा तरुण योद्धा आहे. क्रूस हा त्याचा इमानी सेवक. शत्रूंना लोळवण्याची ताकद असूनही स्वामीच्या इच्छेखातर त्याला ताठ उभे राहावे लागते. स्वामिनिष्ठेची जुनी नीती येथे उलटी होते आणि तरी ओळखू येते. या काव्यातल्या काही ओळी स्कॉटलंडमधील रथवेल येथील दगडी क्रुसावर रून या जुन्या जर्मानिक लिपीत कोरलेल्या आहेत. ‘बेओवुल्फ’च्याच हस्तलिखितातील ‘जूडिथ’मध्ये वीरस्थानी स्त्री आहे. ती मद्यधुंद सेनापती होलोफर्नेसचे शिर उडवते आणि लुटीत त्याची तलवार, शिरस्त्राण व चिलखत मिळवते.

1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच प्रभावाने वीराची जागा शिष्टाचारी सरदाराने घेतली. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘सर गॉवेन आणि हिरवा सरदार’ या काव्यात नायक जीव वाचवणारा म्हणून मिळालेला एक हिरवा पट्टा, यजमानाला दिलेला शब्द मोडून, लपवून ठेवतो. चूक उघडी पडल्यावर तो पट्टा कलंकाची खूण म्हणून अंगावर वागवतो. त्याचा स्वामी, दंतकथेतला राजा आर्थर, याचा दरबार मात्र हसतो आणि सगळेच तसले पट्टे घालू लागतात. काव्याच्या शेवटी गार्टर या मानाच्या सरदारमंडळाच्या ब्रीदाशी जुळणारे वाक्य लिहिलेले आढळते. ते कवीचे की मागाहून कोणी जोडलेले, यावर एकमत नाही.