लिस्बनमधली नोंद, स्विंडनमधलं घर

गोवेकरांचं बाहेर पडणं जुनंच. साष्टी-बार्देशातले तारवटी बोटीवर नोकरी धरायला मुंबईला येत आणि धोबीतलावच्या आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहात, उतरत. सत्तरच्या दशकात आखाताची वाट उघडली. पगार चांगला, पण आखात सहसा कोणाला नागरिकत्व देत नाही. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि वर्षानुवर्षं तिथे राबलेली माणसं हाताला लागेल ते सामान घेऊन परतली. कमाईपेक्षा कायमचा ठावठिकाणा महत्त्वाचा, हे तेव्हा पुष्कळांना पटलं असावं.

तो ठावठिकाणा आजोबांच्या जन्मदाखल्यात होता. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा आपलं मानतो. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि पुढे लिस्बनमधल्या जन्मनोंदीला भाव आला. पोर्तुगालच्या प्रेमापोटी निघालेले थोडेच; लिस्बन हे मधलं स्टेशन, उतरायचं ते ब्रिटनमधल्या साउथॉल किंवा स्विंडनला, गोदामातल्या पाळीवर.

यांनी पोर्तुगीज नागरिकत्व ‘घेतलं’ असं म्हटलं जातं; सगळा घोळ त्या एका शब्दात आहे. पोर्तुगालच्या लेखी हे लोक जन्मापासूनच नागरिक. लिस्बनला फक्त जन्माची नोंद होते. भारताची बाजू वेगळी. 1962 च्या आदेशाने गोवेकर भारतीय ठरले; नको असेल त्याने महिनाभरात लेखी कळवायचं होतं. (तेव्हाच्या धांदलीत ही मुदत किती घरांपर्यंत पोचली असेल?) 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेणाऱ्याला भारतीय मानत नाही आणि परदेशी पासपोर्ट काढणं हा नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा. मग नुसती नोंद केली, पासपोर्ट काढलाच नाही, त्याचं काय? यावर गोव्यात निवडून आलेल्यांच्या पात्रतेचेही वाद झाले. ज्याने आजोबांचा दाखला शोधला, स्पेलिंगं जुळवली, त्याला आपण काही ‘घेतलं’ असं वाटत नाही, आणि ते मला समजण्यासारखं वाटतं.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, 2021 पासून, नव्या पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे सहज राहता येत नाही. वादाचा रोख आता परतीच्या कागदांवर आहे. भारतीय पासपोर्ट स्वतः जमा केला की सरेंडरचं प्रमाणपत्र मिळतं. अधिकाऱ्यांनी रद्द केला तर हातात येतो रद्द केल्याचा आदेश, आणि ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) अर्ज तिथे अडकत आला आहे.