स्ट्रीटक्लीनर

स्ट्रीटक्लीनर हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या इंडस्ट्रियल मेटल (यांत्रिक ताल आणि जड गिटार यांचे संगीत) बँडचा पहिला पूर्ण लांबीचा स्टुडिओ अल्बम. इअरेक रेकॉर्ड्सने तो नोव्हेंबर १९८९ मध्ये काढला. जस्टिन ब्रॉडरिक (गिटार, गायन, ड्रम मशीन) आणि जी. सी. ग्रीन (बास) हे मूळ सभासद. उत्तरार्धात पॉल नेव्हिलची दुसरी गिटार आहे.

बँडमध्ये ड्रमर नाही, तो मिळाला नाही म्हणून नव्हे. ब्रॉडरिक स्वतः हेड ऑफ डेव्हिड या बँडमध्ये ड्रम वाजवत असे. इथे ताल धरते अलेसिसचे एचआर-१६ हे १६ पॅडचे ड्रम मशीन. पॅटर्नची, म्हणजे तालाच्या एका तुकड्याची, लांबी ठरवायची, क्वांटाइझ लावायचे आणि पॅडवर बोटांनी ठोके भरायचे. क्वांटाइझमुळे प्रत्येक ठोका जवळच्या मात्रेवर सरकतो. मग असे पॅटर्न एकामागोमाग जोडून गाणे उभे राहते. बोटाचा जोर कमीजास्त झाला की ठोकाही लहानमोठा वाजतो, म्हणून यंत्राचा निर्विकारपणा हवा असेल तर जोर सगळीकडे सारखा ठेवावा लागतो.

ठोका मुद्दाम विलंबित आहे. ‘ख्राइस्टबेट रायझिंग’चा ताल हा एरिक बी. आणि राकिम या हिपहॉप जोडीच्या ‘मायक्रोफोन फीन्ड’मधला ब्रेक (ड्रमचा सुटा तुकडा) उचलण्याचा प्रयत्न होता, असे ब्रॉडरिकने सांगितले आहे. मेटलच्या कानांना हा हिपहॉपचा धागा चटकन सापडत नाही, पण मान डोलते ती त्यामुळेच.

रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) बहुतेक वेळा बासच ओढतो, तोही भरपूर डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा परिणाम) लावून. गिटार वरच्या पट्टीत किंचाळते, फीडबॅक (अ‍ॅम्प्लिफायरमधून परत येणारा घुमणारा सूर) ताणून धरते. नक्कल करणारे नेमके इथे फसतात. गिटारलाही तेवढाच खर्ज दिला की ती, बास आणि किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) एकाच जागेसाठी भांडतात आणि सगळ्यात आधी किक बुडते. गिटारचा साधारण १०० हर्ट्झखालचा भाग कापला तर ठोका पुन्हा सुटा ऐकू येतो. दुसरी चूक म्हणजे कंटाळ्याच्या भीतीने दर चार आवर्तनांनी फिल (ठोक्यांचा छोटा भरणा) घालणे. या संगीताचा दाब न बदलण्यातूनच येतो.

मुखपृष्ठावरचे दृश्य केन रसेल यांच्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ (१९८०) या चित्रपटातले आहे. सीडीवर मूळ दहा गाण्यांनंतर ‘टायनी टिअर्स’ या ईपीची (छोट्या ध्वनिमुद्रिकेची) चार गाणी जोडलेली आहेत.