द्राक्षबाग आणि घरच्या वाइनसाठी सेंद्रिय प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

एक-दोन हेक्टरची बाग, घरचीच माणसे आणि स्वतःच्या द्राक्षांची वाइन. अशा कुटुंबाला बाटलीवर 'सेंद्रिय' हा शब्द छापायचा असेल तर नुसते तसे पिकवून भागत नाही, प्रमाणपत्र लागते. ते मिळवताना बहुतेकांची गल्लत सुरुवातीलाच होते. बागेची तपासणी वेगळी आणि वाइनरीची वेगळी. बाग प्रमाणित झाली म्हणून वाइन आपोआप सेंद्रिय ठरत नाही. म्हणून अर्ज करतानाच ठरवा: फक्त द्राक्षे सेंद्रिय म्हणून विकायची आहेत, की वाइनही?

या प्रमाणपत्राचा मद्य बनवण्याच्या किंवा विकण्याच्या परवान्याशी संबंध नाही. तो परवाना त्या त्या देशाच्या अबकारी कायद्याने स्वतंत्रपणे काढावा लागतो. घरच्यापुरती वाइन करणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी सूट असते. अमेरिकेत एका प्रौढामागे वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला 200 गॅलनपर्यंत वाइन करता येते, पण ती विकता येत नाही. विक्रीच नसेल तर वाइनरीच्या प्रमाणपत्राचा खर्च करू नका.

कोण पात्र आहे?

जमीन स्वतःची असो वा भाड्याची, तिथे काय फवारले आणि काय टाकले याची जबाबदारी घेणारा कोणीही अर्ज करू शकतो. क्षेत्राची किमान अट सहसा नसते. छोट्यांची खरी अडचण असते ती शुल्काची, कारण निरीक्षकाचा दिवस एक हेक्टरलाही लागतो आणि दहालाही.

त्यावर उपाय गटाने अर्ज करण्याचा. भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, म्हणजे एनपीओपीत, 25 ते 500 शेतकऱ्यांचा गट करता येतो. युरोपीय संघाच्या 2018/848 या नियमात गटात 2,000 पर्यंत सभासद चालतात. गटाला स्वतःची अंतर्गत तपासणी चालवावी लागते आणि एका सभासदाने लपवाछपवी केली तर सगळ्यांचे प्रमाणपत्र धोक्यात येते. माझे स्पष्ट मत आहे की ज्यांच्या बागेत तुम्ही कधीही न सांगता जाऊ शकता, अशाच लोकांबरोबर गट करावा.

अमेरिकेत वर्षाला 5,000 डॉलरपर्यंतच सेंद्रिय माल विकणाऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण ती नीट समजून घ्या. सूट घेणाऱ्यालाही नियम सगळे पाळावे लागतात, सरकारी शिक्का वापरता येत नाही आणि त्याची द्राक्षे दुसऱ्याच्या वाइनरीत गेली तर तिथे ती सेंद्रिय म्हणून धरली जात नाहीत.

तीन वर्षे कुठून मोजायची?

बाग ही बहुवार्षिक लागवड, म्हणून रूपांतराचा काळ, म्हणजे रसायने बंद केल्यापासून माल सेंद्रिय ठरेपर्यंतचा काळ, भारत, युरोप आणि अमेरिका तिन्हीकडे तीन वर्षांचाच. फरक आहे मोजणी कुठून सुरू होते यात, आणि त्यावर तुमचा एखादा हंगाम जाऊ किंवा वाचू शकतो.

अमेरिकेत तोडणीच्या आधीची सलग तीन वर्षे त्या जमिनीवर बंदी असलेला कोणताही पदार्थ पडलेला नसावा. ही वर्षे शेवटच्या वापरापासून मोजली जातात, तेव्हा तुमची प्रमाणन संस्थेत, म्हणजे तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेत, नोंद झालेली असो वा नसो. मात्र पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. बाग नुकतीच विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचे सही केलेले निवेदन जोडावे लागते. युरोपात मात्र घड्याळ सुरू होते ते तुम्ही अधिकाऱ्यांना कळवून तपासणी-व्यवस्थेत दाखल झाल्यावर. आधीचा काळ धरण्याची तरतूद आहे, पण तो अपवाद आहे, हक्क नव्हे. तेव्हा रसायने बंद करायचा निर्णय झाला की त्याच आठवड्यात नोंदणी करा. 'आधी दोन वर्षे करून बघू, मग अर्ज देऊ' असे म्हणणाऱ्याची ती दोन वर्षे वाया जाऊ शकतात.

बागेची कागदपत्रे

जमिनीच्या हक्काचा कागद किंवा भाडेकरार, प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिलेला बागेचा नकाशा, मागील तीन वर्षांचा पिकांचा आणि निविष्ठांचा (वापरलेल्या खते-औषधांचा) इतिहास, माती-पाण्याचे तपासणी अहवाल, रोपवाटिकेची बिले, खते आणि औषधांची बिले, लेबलांसकट. शिवाय सेंद्रिय व्यवस्थापन आराखडा, जो अर्जाचा गाभा असतो. त्यात भुरी आणि केवडा या वेलीवरच्या रोगांचा बंदोबस्त, तणांवरचा उपाय, ओळींमधले आच्छादन, जमिनीची धूप रोखण्याची सोय हे सगळे तुमच्या शब्दांत लिहायचे असते. दुसऱ्याचा आराखडा उतरवून देऊ नका. निरीक्षक तोच कागद हातात धरून बागेत फिरतो.

नकाशावर शेजाऱ्याची शेतेही दाखवा. त्याच्याकडून औषध वाऱ्याने येत असेल तर मध्ये किती पट्टा सोडायचा, याचा ठराविक आकडा अमेरिकेच्या किंवा युरोपच्या नियमांत नाही. वारा, उतार आणि झाडांची आडभिंत बघून ते ठरते. मांडवाच्या खांबांकडेही लक्ष द्या. आर्सेनिकयुक्त रसायनात मुरवलेले लाकूड नव्याने उभारलेल्या मांडवाला अमेरिकी नियमात चालत नाही.

सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते फवारणीच्या वहीवर. तारीख, तुकडा, औषध, प्रमाण, पाणी, फवारणाऱ्याचे नाव अशा रकान्यांची साधी वही पुरते, पण ती त्याच दिवशी भरलेली हवी. त्यातही तांब्याचा हिशोब वेगळा ठेवा. बोर्डो मिश्रण (मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांचे बुरशीनाशक) सेंद्रियमध्ये चालते, तरी युरोपात मर्यादा आहे: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबे, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलो. मोरचुदात तांबे असते सुमारे 25 टक्के. एक टक्क्याचे बोर्डो हेक्टरी 500 लिटर फवारले तर 5 किलो मोरचूद लागतो, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास तांबे. अशा तीन फवारण्यांत वर्षाची सरासरी जवळपास संपते. ओल्या हंगामात काय करणार, हे आराखड्यात आधीच लिहिलेले असावे. आणि ही मर्यादा नुसती कागदासाठी नाही. तांबे मातीत साठत जाते, विरत नाही, आणि गांडुळांना ते सोसत नाही.

वाइनरीची कागदपत्रे

इथे लागतात ते टाक्या आणि पिंपांचे क्रमांक दाखवणारा आराखडा, द्राक्ष येण्यापासून बाटली भरेपर्यंतचा क्रम, यीस्ट आणि इतर पदार्थांची यादी, ते जनुकीय बदल केलेले नसल्याचे पुरवठादाराचे पत्र आणि धुण्याच्या रसायनांची नावे. दाबयंत्र भाड्याने आणत असाल किंवा दुसऱ्याच्या वाइनरीत रस काढत असाल, तर आधीची धुलाई कधी आणि कशाने झाली त्याची नोंद हवी. सेंद्रिय नसलेली वाइनही तिथेच होत असेल तर टाक्या वेगळ्या ठेवा आणि तसे त्यांच्यावर लिहा.

निरीक्षक वजनाचा ताळाही करतो. एक टन द्राक्षांतून साधारण 600 ते 700 लिटर वाइन निघते. तोडणीच्या नोंदी आणि टाकीतले लिटर यांत मेळ बसला नाही तर बाहेरची द्राक्षे मिसळल्याचा संशय येतो.

सल्फाइटचा, म्हणजे वाइन टिकवण्यासाठी घालायच्या गंधकयुक्त पदार्थाचा, नियम मात्र देशागणिक बदलतो. युरोपात सेंद्रिय ड्राय (गोडवा नसलेल्या) रेड वाइनमध्ये एकूण सल्फर डायऑक्साइड लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत चालते, पांढऱ्या आणि रोझे वाइनमध्ये 150 पर्यंत. 'सेंद्रिय वाइन' असे लिहायची मुभाही तिथे 2012 च्या हंगामापासूनच मिळाली. त्याआधी 'सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली' एवढेच लिहिता येई. अमेरिकेत 'सेंद्रिय वाइन' म्हणायचे तर सल्फाइट वरून अजिबात घालता येत नाही. 100 पीपीएमपर्यंत (लिटरला साधारण 100 मिलिग्रॅम) घातले तर 'सेंद्रिय द्राक्षांपासून' असे लिहावे लागते. म्हणजे एकच बाटली एका बाजारात सेंद्रिय वाइन, दुसऱ्या बाजारात नाही. कुठे विकायची ते पहिल्या हंगामाआधी ठरवा आणि त्या बाजाराचा नियम मान्य असलेलीच प्रमाणन संस्था निवडा.

अर्जानंतर

संस्थेला मान्यता आहे का, हे सरकारी यादीत स्वतः बघा. दोन-तीन संस्थांकडून शुल्काचे पत्रक लेखी मागवा आणि प्रवासखर्च, नमुना तपासणी, नूतनीकरण त्यात धरले आहे का ते विचारा. अर्ज आणि आराखडा दिल्यावर आधी कागद तपासले जातात, मग निरीक्षक बागेत आणि वाइनरीत येतो. तो फक्त पाहणी करून अहवाल देतो, निर्णय संस्थेतली दुसरी व्यक्ती घेते. म्हणून त्याच्याकडून जागेवर होकार काढून घ्यायचा प्रयत्न करू नका. त्रुटी निघाल्या तर त्या दूर करायला मुदत मिळते. उत्तर लेखी द्या आणि फोटो जोडा.

तपासणी बहुधा दरवर्षी होते. मध्येच नवा तुकडा घेतला, औषध बदलले किंवा दुसऱ्याची द्राक्षे घ्यायची ठरली तर आधी संस्थेला कळवा. नोंदी जपून ठेवा, अमेरिकेत त्या पाच वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. लेबलाचा मसुदा छपाईला देण्यापूर्वी संस्थेकडून मंजूर करून घ्या. लिटरला 10 मिलिग्रॅमहून जास्त सल्फाइट असेल तर युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे ते लेबलावर लिहावे लागते, वाइन सेंद्रिय असली तरी.