मणक्यांवरचे हस्तोपचार : संशोधन इतक्या उशिरा का सुरू झाले?

कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणके हाताने दाबून, झटका देऊन उपचार करण्याची पद्धत. तिच्याबद्दल वाचायला लागले की माणूस गोंधळतो. एक अभ्यास कंबरदुखीसाठी हे उपचार सुचवतो, दुसरा म्हणतो फायदा अगदी थोडा, तिसरा मानेच्या बाबतीत जपायला सांगतो. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. हा गुंता त्या पद्धतीच्या जन्मापासूनचा आहे.

निखळलेले सांधे बसवणारे हाडवैद्य फार जुने. त्यांच्या हाताला गुण का येतो हे डॉक्टरांनी समजून घ्यावे, असे ब्रिटिश शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्येच आपल्या सहकाऱ्यांना बजावले होते. पण १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर यांनी याच कौशल्याला एका मोठ्या सिद्धांताची जोड दिली. हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका आपण दाबून जागेवर बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, त्यामुळे हा दावा शरीररचनेशी जुळत नाही. तरीही पामर पुढे गेले. १९१० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ९५ टक्के आजारांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असल्याचे लिहिले.

पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ या वाक्यात आहे, असे मला वाटते. दुखऱ्या कंबरेला आराम पडतो एवढेच म्हटले असते, तर ते तपासून पाहता आले असते. दावा सर्वच रोगांचा केल्यामुळे डॉक्टरांनी सगळेच झिडकारले. विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल पामर १९०६ मध्ये तुरुंगात गेले. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये कायरोप्रॅक्टिकला कायदेशीर मान्यता दिली, पण शेवटच्या लुइझियाना राज्यापर्यंत ती पोहोचायला १९७४ उजाडले. दरम्यान अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली होती. कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणेच डॉक्टरांसाठी अनैतिक मानले जाई. कायरोप्रॅक्टर चेस्टर विल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या संघटनेवर खटला भरला. हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असा निकाल न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी १९८७ मध्ये दिला. मात्र कायरोप्रॅक्टिकचे सिद्धांत खरे की खोटे, हे त्या निकालाने ठरवले नाही, तरी त्याचा तसा अर्थ लावला जातो.

बहिष्काराची मोठी किंमत रुग्णांनी मोजली. लाखो लोक हे उपचार घेत होते आणि दोन्ही बाजू एकत्र बसून ते तपासत नव्हत्या. १९७५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने बेथेस्डा येथे सर्व पंथांच्या तज्ज्ञांना बोलावले, तेव्हा भक्कम पुरावा कोणत्याच बाजूने पुरेसा नाही, हेच समोर आले.

त्यानंतर चाचण्या सुरू झाल्या. ब्रिटनमध्ये १९९० साली कंबरदुखीच्या ७४१ रुग्णांवरच्या अभ्यासात कायरोप्रॅक्टिकचे रुग्ण रुग्णालयातल्या बाह्यरुग्णांपेक्षा बरे निघाले. पण त्यांना उपचारांच्या फेऱ्याही जास्त मिळाल्या होत्या, अशी टीका झाली. १९९८ च्या अमेरिकी चाचणीत कायरोप्रॅक्टिक, मॅकेंझी पद्धतीचे व्यायाम आणि नुसती माहितीपुस्तिका यांची तुलना झाली. पुस्तिकेपेक्षा दोन्ही उपचार जेमतेम सरस ठरले, समाधान मात्र उपचार घेणाऱ्यांचे कितीतरी जास्त होते.

इथे खरी अडचण दिसते. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, पण हाताच्या झटक्याची नक्कल कशी करायची? झटका बसला की नाही हे रुग्णाला कळते, आणि उपचार करणाऱ्याला तर कळतेच. म्हणूनच दम्याच्या मुलांवरची १९९८ ची कॅनडातली चाचणी मला मोलाची वाटते. तिथे एका गटाला खरे आणि दुसऱ्याला बनावट हस्तोपचार दिले गेले. दोन्ही गटांतल्या मुलांना बरे वाटू लागले आणि दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. बनावट गट नसता, तर हाच निकाल विजय म्हणून मिरवला गेला असता.

२०१७ मध्ये २६ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ताज्या कंबरदुखीत वेदना १०० च्या मोजपट्टीवर सुमारे १० ने कमी झालेल्या आढळल्या. जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा २०१९ चा आढावाही शिफारस केलेल्या इतर उपचारांच्या बरोबरीचा परिणाम दाखवतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत औषधांआधीच्या पर्यायांत हस्तोपचारांना जागा दिली. ९५ टक्के आजारांचा दावा अशा रीतीने कंबरदुखीपुरता उरला, पण तिथे तो टिकला.

मानेचा प्रश्न वेगळा आहे. मानेतल्या धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात होण्याचा धोका दुर्मीळ, पण गंभीर आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांशी निगडित पक्षाघाताचे ८१८ रुग्ण तपासले गेले. २००८ च्या त्या अभ्यासात कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जसा संबंध दिसला, तसाच साध्या डॉक्टरकडे जाण्याशीही दिसला. धमनी आधीच फाटू लागल्याने मान आणि डोके दुखते, म्हणून माणूस उपचाराला जातो, असा याचा एक अर्थ लावला गेला. त्याने मानेला दिलेला हाताचा झटका निर्धोक ठरत नाही. उलट, अचानक उठलेली आणि कधी न अनुभवलेली मानदुखी घेऊन कोणी आले, तर हात लावण्याआधी धमनीचा विचार करावा लागतो.