टँकमधलं तण आणि दगडातलं खत

"काहून जी सर, मिठाचे पैसे काहून देता? आपल्या बोरचं पानी काय कमी खारं हाये?"

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझा समुद्री टँक, म्हणजे समुद्रातले मासे आणि प्रवाळ ठेवलेली काचेची पेटी, पाहायला येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. प्रश्न रास्त आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरलाय आणि आम्ही त्याच्या ऐन मध्यात बसलोय. पण खारं आणि समुद्राचं खारं यांत फरक आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास. आमच्या बोरमधले क्षार त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत आणि जे आहेत त्यांत सोडियमचाच भरणा. ते पाणी जमीन आवळून टाकतं, प्रवाळ जगवत नाही. म्हणून मी आरओचं पाणी पुन्हा रेझिनमधून गाळतो, त्यात विकतचं समुद्री मीठ कालवतो आणि शेजाऱ्यांची बोलणी खातो.

टँक दोनशे लिटरचा. त्यात दोन क्लाऊनफिश, थोडे मशरूम जातीचे मऊ प्रवाळ आणि वीसेक किलो कृत्रिम दगड. (आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी 'ओरिजिनल समुद्रातला जिवंत दगड', म्हणजे सूक्ष्मजीव वसलेला प्रवाळाचा खडक, स्वस्तात देतो म्हणाला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.) सहा महिने सगळं झकास चाललं. सातव्या महिन्यात दगडांना हिरवी दाढी फुटली.

मग सल्ले आले. एक वास्तुवाले गृहस्थ म्हणाले, टँक ईशान्येला हवा, चुकीच्या दिशेला ठेवल्यामुळे पाण्यात दोष उतरलाय. आमच्या घरात ईशान्येला पूर्वेची खिडकी आहे. तिथे ठेवला असता, तर सकाळचं कोवळं ऊन खाऊन ती दाढी पोटापर्यंत वाढली असती. साळ्याची वरूडकडे संत्र्याची बाग आहे. तो म्हणाला, "भाऊजी, चिमूटभर मोरचूद टाका, सकाळपर्यंत साफ." मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, त्याने शेवाळ मरतं हे खरंच आहे. पण लिटरमागे मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाएवढं तांबंही गोगलगायी आणि प्रवाळ मारायला पुरतं. शिवाय ते दगडाला चिकटून बसतं आणि नंतर सावकाश सुटत राहतं. हे 'चिकटून बसणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी शेवाळ म्हणजे काय ते उरकून घेऊ, कारण टँकमधल्या प्रत्येक नको असलेल्या रंगाला लोक शेवाळच म्हणतात. नव्या टँकमध्ये काचेवर तपकिरी धूळ बसते ती डायटम, म्हणजे सिलिकेटचं कवच असलेले एकपेशीय जीव. पाण्यातलं सिलिकेट संपलं की बहुधा आपोआप जाते. हिरवे केस म्हणजे डर्बेसिया, ब्रायोप्सिस अशी खरी शेवाळं. काचेच्या गोटीसारखे हिरवे फुगे दिसले तर ती व्हॅलोनिया. तिची एक गोटी म्हणजे एकच पेशी असते, आणि शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहिलेल्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने बघतात. वाळूवर पसरणारी लालसर, बुळबुळीत चादर मात्र शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया. लोणारच्या पाण्याला हिरवा रंग देणारे त्यांचेच भाऊबंद. जून २०२० मध्ये तेच लोणार गुलाबी झालं, तेव्हा मोबाइलवर काय काय फिरलं ते आठवा. कारण निघालं तीव्र खारट पाण्यात वाढणारे, अंगात गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव.

आता माझी दाढी. शेवाळाला प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. पिकाला ऊन, युरिया आणि डीएपी लागतं तसंच. म्हणून मी फॉस्फेटचं किट आणलं. नळीत पाणी घेतलं, पावडर टाकली, हलवलं. निळी छटा जेमतेम. लिटरला ०.०२ मिलिग्रॅम. निसर्गातल्या प्रवाळ खडकांजवळ असतं साधारण तितकंच. म्हणजे पाणी साफ, आणि दगडावर मात्र निंदायला बाई लावावी इतकं गवत!

इथे बहुतेक जण किटला शिव्या देतात. किट बरोबर असतं, आपला प्रश्न चुकतो. आठवडी बाजार उठल्यावर मैदानात उरलेली वांगी मोजली, तर बाजार केवढा भरला होता ते कळत नाही. किट उरलेली वांगी मोजतं. खरा हिशेब आवकीचा. मी रोज साधारण एक ग्रॅम कोरडं खाद्य टाकतो. त्यात फॉस्फरस एक टक्का धरू, म्हणजे १० मिलिग्रॅम. फॉस्फेटच्या रूपात मोजलं तर ते तिप्पट भरतं, कारण फॉस्फरसच्या एका अणूला ऑक्सिजनचे चार अणू चिकटतात. म्हणजे रोज ३० मिलिग्रॅम आवक. आणि ०.०२ च्या हिशेबाने दोनशे लिटर पाण्यात मिळून फॉस्फेट किती? फक्त ४ मिलिग्रॅम! थोडं माशांच्या अंगी लागतं, थोडं स्किमरच्या, म्हणजे फेस करून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या, फेसाबरोबर बाहेर पडतं. बाकीचं काही शेवाळाने खाल्लं आणि काही दगडात गेलं.

दगडात गेलं हा माझा लाडका भाग, तेव्हा जरा बसून घ्या.

आपली काळी कपाशीची जमीन चुनखडीची. तिच्यात डीएपी टाकलं की त्यातल्या स्फुरदापैकी, म्हणजे फॉस्फरसपैकी, पहिल्या हंगामात पिकाच्या हाती पंधरा-वीस टक्केच लागतं. बाकीचं जमिनीतलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणूनच कृषी विद्यापीठवाले बियाण्याला पीएसबी लावायला सांगतात, म्हणजे ते अडकलेलं स्फुरद सोडवणारे जिवाणू. माझ्या टँकमधला दगडही कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणजे चुनखडीच. वावरात जे घडतं तेच काचेच्या पेटीत घडतं, फक्त पकड सैल असते. वावरातलं स्फुरद हळूहळू पक्क्या कॅल्शियम फॉस्फेटमध्ये बदलतं. टँकमधलं बरंचसं दगडाच्या पृष्ठभागावर नुसतं बसलेलं असतं, पारावर बसलेल्या माणसांसारखं. जागा मिळाली की बसायचं, हाक आली की उठायचं.

पारावर गर्दी किती, हे गावात माणसं किती यावर ठरतं. पाण्यात फॉस्फेट वाढलं की दगडावर जास्त बसतं, कमी झालं की दगडावरून उठून पाण्यात येतं. या बसण्या-उठण्याचं गणित आयर्विंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये मांडलं. पृष्ठभागावर जागा ठरावीक असतात असं धरायचं. बसण्याचा वेग पाण्यातल्या कणांवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून, उठण्याचा वेग भरलेल्या जागांवर. दोन्ही वेग सारखे झाले की समतोल. भरलेल्या जागांचं प्रमाण काढायचं तर पाण्यातल्या तीव्रतेला एका स्थिरांकाने गुणा आणि त्याच गुणाकारात एक मिळवून त्याने भागा. याचा आलेख आधी ताठ चढतो आणि मग आडवा होत जातो. चढाच्या भागात पाण्यातलं प्रमाण किंचित हललं तरी दगडावरचा साठा भरपूर हलतो. आणि आपले टँक बहुधा याच चढावर असतात. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ च्या आसपास असल्यामुळे फॉस्फेटचा मोठा हिस्सा एक हायड्रोजन धरलेल्या, दोन ऋण प्रभारांच्या रूपात असतो. पृष्ठभागावरच्या त्याच जागांवर कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचाही डोळा असतो, म्हणून पाण्याची अल्कता, म्हणजे मुख्यतः या दोघांचं प्रमाण, बदलली की समतोलही सरकतो.

डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: दगड ही बँक आहे आणि किट फक्त खिसा तपासतं.

शिवाय शेवाळ उगवतं ते नेमकं बँकेच्या दारात. दगडाच्या अगदी लगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. दगडावरून सुटलेलं फॉस्फेट त्या थरातून बाहेर वाहत्या पाण्यात येण्याआधीच शेवाळाच्या बुडाशी पोचतं. म्हणजे ते आपल्या किटच्या नळीत येतच नाही.

मी लोहाच्या ऑक्साइडचे दाणे आणले. ते फॉस्फेट धरून ठेवतात, आणि दाणे बदलले की धरलेलं टँकबाहेर जातं. घाईघाईने एकदम पुष्कळ घातले, त्यात दोन मशरूम आक्रसले. प्रवाळालाही फॉस्फेट लागतं, कारण त्याच्या अंगात राहणारे झूझँथेली हेसुद्धा शेवाळाचेच चुलतभाऊ. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदी संपवलं, तर हिरवी दाढी जाण्याऐवजी डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय जिवांची तपकिरी, बुडबुडेवाली लाळ उगवते, आणि तिच्यापुढे हिरवी दाढी परवडली. मग थोडे थोडे दाणे घातले. किटवरचा आकडा खाली यायचा आणि आठवड्यात परत वर. चार वेळा हाच खेळ झाला तेव्हा लक्षात आलं की हे अपयश नव्हे, बँक रिकामी होतेय.

दुसरं काम हाताने. डवरा-निंदण. पाणी बदलताना केस मुळासकट ओढायचे आणि बाहेर फेकायचे. नुसते मारून आत ठेवले तर सडून सगळं पाण्यात परत. तीन दिवस लाइट बंद ठेवण्याचा इलाज करणारे इथेच फसतात. एका अमेरिकन बाटलीचंही असंच. ती 'फक्त चांगले जिवाणू' म्हणून खूप खपली. मग हौशी लोकांनी तपासून घेतलं, तर आत पोहण्याच्या तलावात वापरतात तसलं शेवाळनाशक निघालं. बाटली शेवाळ मारत होती, पण हिशेब जिथल्या तिथे.

तिसरं, मे महिना. आमच्याकडे ४५ अंश म्हणजे नेहमीचं. टँक २६-२७ वर ठेवायला मी पाण्यावर पंखा सोडतो. कोरड्या हवेत ही युक्ती कूलरसारखीच कामाची, मुंबईच्या दमट हवेत तिचा एवढा उपयोग नाही. पण मग दिवसाला सहा लिटर पाणी उडतं. मीठ आणि खत मागेच राहतं. ती भर मी काही दिवस नळाच्या पाण्याने केली, कारण लाइन नव्हती आणि आरओ बंद. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तेवढं धरलं तर सहा लिटरात २७० मिलिग्रॅम, म्हणजे टँकमध्ये रोज लिटरमागे १.३५ ची भर आणि महिन्यात ४० ची. पिण्यालायक पाणी टँकलायक असतंच असं नाही. आता आरओ पाण्याचे दोन कॅन भरून ठेवतो.

चौथे चरणारे. चार टर्बो गोगलगायी आणि एक छोटा सी-अर्चिन, म्हणजे काट्यांचा चेंडू. यांना हलकं समजू नका. १९८३ मध्ये पनामाजवळ लांब काट्यांच्या अर्चिनमध्ये रोग सुरू झाला आणि वर्षभरात कॅरिबियनमधले दहातले नऊहून जास्त अर्चिन मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच उरले नव्हते आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. चरणारं कुणीच राहिलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खडकांचा निम्मा भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, नव्वदच्या सुरुवातीला तीन-चार टक्के. बाकी सगळीकडे शेवाळ. माझा अर्चिन लिंबाएवढा आहे. रोज रात्री दगडावर हातभर पांढरी वाट खोदत जातो.

आणि शेवटी मी शेवाळच लावलं. टँकखालच्या पेटीत स्वतंत्र दिव्याखाली कीटोमॉर्फा नावाचं तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ ठेवलंय. त्याला आवडीचं ऊन खाली मिळतं. पाण्यातलं खत ते आधी ओढतं आणि दर पंधरवड्याला मी त्यातलं मूठभर काढतो. वर निंदत बसण्यापेक्षा खाली कापणी बरी. चौदा महिन्यांनंतर दगड जांभळट गुलाबी झालेत, हा रंग कडक थर धरणाऱ्या चांगल्या शेवाळाचा. मागच्या कोपऱ्यात दाढीचा एक झुपका आहे, तो असू दिलाय.

परवा कीटोमॉर्फाची कापणी बादलीत घेऊन मी परसातल्या कढीपत्त्याकडे निघालो. मिठाच्या प्रश्नवाले शेजारी कुंपणापलीकडे उभे होते. हे काय म्हणाले. स्फुरदयुक्त सेंद्रिय खत, मी ऐटीत सांगितलं.

"धुऊन टाका जी सर," ते म्हणाले. "मीठ आपल्या वावरात आधीच बक्कळ हाये."