साठ-चाळीसची पीएमपी

बोपोडी संपली की मुळा नदीवरचा हॅरिस पूल लागतो. पलीकडे दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवडची हद्द. प्रवाशाला ती कधीच जाणवली नाही. बसला मात्र 2007 पर्यंत जाणवत होती.

पुणे महापालिकेची बससेवा पीएमटी 1950 सालची. पिंपरी-चिंचवडने महापालिका होण्याच्या आठ वर्षे आधी, 1974 मध्ये, स्वतःची बससेवा, पीसीएमटी, काढली. स्वारगेट, कोथरूड, न. ता. वाडी हे एकीचे डेपो. निगडी, भोसरी, नेहरूनगर दुसरीचे. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर दोघींच्याही गाड्या धावायच्या. कमाईचा मार्ग दोघींना हवा, तोट्याचा कुणालाच नको.

विलीनीकरणाची चर्चा बरीच वर्षे रेंगाळली. 2005 मध्ये शहरांना पैसा देणारी केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली आणि पैशाची आशा दिसली. ऑक्टोबर 2007 मध्ये दोन्ही सेवा मिळून पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड, म्हणजेच पीएमपी, ही कंपनी झाली. दोन्ही महापौर, स्थायी समित्यांचे अध्यक्ष आणि आयुक्त संचालक मंडळावर आले.

खरी गाठ मात्र तुटीच्या वाटणीची. खर्च वजा उत्पन्न, उरेल ती संचलन तूट. तिचे 60 टक्के पुण्याने द्यायचे, 40 टक्के पिंपरी-चिंचवडने. अंदाजपत्रकात तरतूद होते, रक्कम हप्त्याहप्त्याने येते. हप्ता लांबला की पहिला फटका ठेकेदारांच्या गाड्यांना. त्यांचे पैसे किलोमीटरमागे ठरलेले. देणी थकली म्हणून मार्च 2023 मध्ये त्यांनी बस उभ्याच केल्या होत्या. तूट फुगण्याचे एक कारण भाडे. 2014 नंतरची भाडेवाढ थेट जून 2025 मध्ये झाली आणि किमान तिकीट 5 चे 10 रुपये झाले. मधल्या काळात डिझेल, सीएनजी, पगार कुठे थांबले होते?

साठ-चाळीसमुळे 'पैसे कोण देणार' हे मिटले. 'रस्ता कुणाचा' हे मिटले नाही. बस एका कंपनीची, पण बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, मार्गिका ज्या त्या महापालिकेची. पुण्याने 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर प्रयोग सुरू केला, आणि पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका 2023 मध्ये स्वतःच काढायला घेतली. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र बीआरटी चालू राहिली. बस चालवणाऱ्या कंपनीच्या हातात यातले काहीच नव्हते.

शिवाय हिंजवडी, आळंदी, देहू दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर. तिथल्या फेऱ्यांचा तोटाही बराच काळ याच दोघींच्या माथी होता. 2015 मध्ये पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ही संस्था आली, पण तिने तुटीचा भार उचलायला आणखी काही वर्षे गेली. मार्च 2022 मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपून आयुक्तच प्रशासक झाले, तेव्हा संचालक मंडळावरच्या महापौरांच्या खुर्च्याही रिकाम्या झाल्या.