युरो की चॅम्पियन्स लीग? मोमिर इलिच नेमकं काय जिंकला

सर्बियाचा हँडबॉलपटू मोमिर इलिच याच्यावर कुठेही काही वाचा, ‘२०१२चा युरोपियन विजेता’ हे बिरुद सापडतंच. बिरुद खरं आहे. पण सोबत फोटो असतो सर्बियाच्या जर्सीतला आणि खाली लिहिलेलं असतं ‘युरो २०१२’. सर्बियाने ती युरो जिंकलेलीच नाही!

युरो (युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा) देशांची आणि चॅम्पियन्स लीग क्लबांची, हे फुटबॉल बघणाऱ्याला सांगायला नको. हँडबॉलमध्येही तसंच. युरो दर दोन वर्षांनी जानेवारीत होते, लीग दरवर्षी हंगामभर चालते. एवढं पुरे.

घोळ होतो तो २०१२ या एका सालामुळे.

त्या जानेवारीत युरो सर्बियातच भरली होती. उपांत्य सामन्यात क्रोएशियाला २६-२२ असं हरवल्यावर बेलग्रेडमध्ये सुवर्णपदक अगदी हाताशी आलं होतं. २९ जानेवारीला अंतिम सामना झाला. डेन्मार्क २१, सर्बिया १९. साठ मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून फक्त ४० गोल! ज्या खेळात एकेक संघ पंचवीस-तीस गोल सहज करतो, तिथे हा आकडा वाचूनच कळतं की दोन्हीकडच्या बचावाने किती कमी फट सोडली असेल. सर्बियाचा दार्को स्टानिच स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला आणि अख्ख्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इलिच. सगळा गैरसमज इथून सुरू होतो. ‘युरो २०१२चा सर्वोत्तम खेळाडू’ असं वाचलं की पुढचं ‘म्हणजे जिंकलेच असतील’ हे आपण मनानेच जोडून टाकतो. तो मान मिळाला तेव्हा त्याच्या गळ्यात रौप्यपदक होतं.

चार महिन्यांनी, मेअखेरीस, हाच इलिच कोलोनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात टीएचडब्ल्यू कील या जर्मन क्लबच्या जर्सीत उतरला. समोर ॲटलेटिको माद्रिद. कीलने २६-२१ असा विजय मिळवला. इलिचच्या बाजूने खेळत होते चेक प्रजासत्ताकाचा यिखा, फ्रान्सचा ओमेयेर, आइसलँडचा पाल्मार्सन. त्या हंगामात कीलने जर्मन लीगचे ३४ पैकी ३४ सामने जिंकले होते. इलिच युरोपियन विजेता आहे तो या संघामुळे, आणि एकदा नव्हे, दोनदा: २०१०च्या अंतिम सामन्यातही कीलने बार्सिलोनाला ३६-३४ असं नमवलं होतं.

‘पदक ते पदक, काय फरक पडतो?’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. कीलमध्ये तो अनेक मोठ्या खेळाडूंपैकी एक होता. सर्बियाचा भार मात्र डाव्या बॅकच्या जागेवरून (हँडबॉलमध्ये ही लांबून गोल मारणाऱ्याची जागा) त्याने खांद्यावर घेतला होता. माझ्या लेखी बेलग्रेडचं ते रौप्य कोलोनच्या दोन्ही चषकांहून मोठं आहे. त्याला चुकून सुवर्ण म्हणणं हा त्याचा सन्मान नाही, त्या दोन गोलांनी हुकलेल्या सामन्याची आठवण पुसणं आहे.

आकड्यांचीही अशीच सरमिसळ होते. २०१३-१४च्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक १०३ गोल त्याचे होते, पण ते हंगेरीच्या वेस्प्रेम क्लबसाठी. सर्बियाच्या खात्यात त्यातला एकही जात नाही.

आणि वेस्प्रेमसोबत त्याने ही लीग कधीच जिंकली नाही. २०१५, २०१६, २०१९ असे तीन अंतिम सामने क्लब हरला. त्यातला २०१६चा सामना पोलंडच्या क्येल्त्से क्लबशी होता. (कील आणि क्येल्त्से यांत गल्लत करणारेही भेटतात. एक जर्मनीत, दुसरं पोलंडमध्ये, संबंध काही नाही.) उत्तरार्धात वेस्प्रेम नऊ गोलांनी पुढे होतं, २८-१९. साठ मिनिटं संपली तेव्हा २९-२९. जादा वेळेनंतर ३५-३५. शेवटी पेनल्टींवर क्येल्त्से जिंकलं.